शांतता भाडेकरूने राखावी

डोंबिवलीत घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि ते कधीच खरं नसतं. पाच मिनिटांत तिथे फार तर रिक्षाच्या रांगेत उभं राहता येतं. नेदरलँड्समध्ये भाड्याच्या घराच्या जाहिरातीत 'शांत निवासी वस्ती' असं लिहिलेलं असतं आणि ते नेहमी खरं असतं. खोट्या जाहिरातीशी कसं वागायचं हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. दलालाशी भांडायचं आणि मुकाट्याने चालायला लागायचं. खऱ्या जाहिरातीचं काय करायचं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आम्ही राहतो ते ॲमस्टेलवीन म्हणजे ॲमस्टरडॅमला दक्षिणेकडून चिकटलेलं गाव. इथे भारतीय इतके आहेत की कढीपत्ता सायकलवर जाऊन आणता येतो, आणि संक्रांत आली की हळदीकुंकवाच्या तारखांवरून बायकांत बाचाबाची होते. तरीही वस्ती शांत ती शांतच. लोकांना वाटतं, भाडं भरलं की शांतता मिळते. तसं नाही. भाडं भरलं की शांतता राखायचं काम मिळतं, आणि त्या कामाला रविवारची सुटीही नाही. उलट रविवारी जास्त काम असतं.

पण आधी घर मिळायला हवं. या देशात सुमारे चार लाख घरांचा तुटवडा आहे, असं सरकारच सांगतं. कमी भाड्याची घरं गृहनिर्माण संस्थांकडे असतात, आणि त्यांच्या यादीत नाव घालून ॲमस्टरडॅमकडची माणसं दहा-दहा वर्षं थांबतात. शहाणे आईबाप पोराच्या अठराव्या वाढदिवसाला त्याला यादीत नाव घालायला लावतात, म्हणजे तिशी गाठेपर्यंत काहीतरी हाती लागेल. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना खासगी घरमालकाकडेच जावं लागतं. तिथे भाड्याच्या तीन-चारपट पगार दाखवायचा, पगाराच्या स्लिपा द्यायच्या, कंपनीचं पत्र द्यायचं, आधीच्या घरमालकाकडून आपल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा. डोंबिवलीच्या घरमालकांनी आम्हाला एवढं काही विचारलं नव्हतं. त्यांनी 'मासे करता का?' एवढंच विचारलं, आणि 'हो' म्हटल्यावर 'कोणत्या वारी?' विचारून स्वतःच स्वतःला आमंत्रण दिलं होतं.

इथे तुम्ही काय खाता, कोणते, कुठले, लग्नाला किती वर्षं झाली, यांतलं काही कोणी विचारत नाही. २०२३ च्या जुलैपासून तर कायदाच आहे. भाडेकरू निवडायचे निकष आधी सांगायचे, आणि अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घ्यायची नाही. पुढच्या जुलैत आणखी एक कायदा आला, त्याने नवे करार सहसा बेमुदत झाले. आपल्याकडे अकरा महिने झाले की करार नवा आणि भाडं दहा टक्क्यांनी वर. इथे एकदा आत आलेला भाडेकरू घरमालकाला सहजासहजी काढता येत नाही. त्यामुळे 'घर बघायला या' असं ते म्हणत असले, तरी बघण्याचा कार्यक्रम आपला असतो. आमच्या वेळी जिन्यात इतर इच्छुक जोडपी हसऱ्या चेहऱ्यांनी उभी होती. एका मुलीने घराबद्दलच्या स्वतःच्या भावना व्यक्त करणारं पत्र लिहून आणलं होतं, सोबत मांजराचा फोटो. आम्ही नुसत्या स्लिपा नेल्या होत्या. घर आम्हालाच मिळालं, यावरून घरमालकाला साहित्याची आवड नसावी.

घर मिळालं म्हणजे काय मिळालं, हा पुढचा प्रश्न. इथे भाड्याची घरं तीन प्रकारची. एक फर्निचरसकट, एक फक्त जमीन-पडद्यांसकट, आणि एक निव्वळ उघडं. 'जमिनीसकट' हे वाचताना आपल्याला गंमत वाटते. घर आलं म्हणजे जमीन आलीच की! आली नाही. उघड्या घरात खाली सिमेंटचा कोबा असतो. लॅमिनेटच्या फळ्या आधीच्या भाडेकरूने उचकटून नेलेल्या असतात, कारण त्या त्याच्या होत्या. छतातून तारा लोंबत असतात, कारण दिवा त्याचा होता. पडद्याच्या दांड्या त्याच्या, दांड्यांचे स्क्रू त्याचे. स्क्रूंची भोकं तेवढी गुळगुळीत बुजवलेली असतात, कारण भिंत घरमालकाची. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''अगं, मग भाडं कशाचं घेतायत?''

आमच्या आधीचा भाडेकरू सज्जन निघाला. ''जमीन ठेवून जाऊ का?'' त्याने विचारलं, आणि किंमत सांगितली. अशी वस्तू पुढच्या भाडेकरूला विकायची इथे रीतच आहे. त्याने मीटर-मीटरचा हिशेब लिहून दिला आणि किती वर्षं वापरली म्हणून घसाराही कापला. आमच्या आजोबांना रत्नागिरीकडे कुळ म्हणून जमीन मिळाली होती. त्यानंतर आमच्या घराण्यात जमिनीचा व्यवहार केला तो थेट मीच, आणि तोही भाडेकरू म्हणूनच. आजोबांच्या जमिनीवर भात तरी व्हायचा. माझ्या जमिनीवर काही होत नाही, पण घर सोडताना ती खोक्यांत भरून नेता येते.

घराला इथे गुणही मिळतात. कमी आणि मधल्या भाड्याच्या घरांचं कमाल भाडं या गुणांवर ठरतं. खोलीच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण, विजेची-गॅसची उधळपट्टी किती कमी त्याचे गुण, अंगणाचे गुण, इतकंच काय, स्वयंपाकाच्या ओट्याच्या लांबीचेही गुण. बेरीज १८६ च्या वर गेली की घर या हिशेबातून सुटतं आणि घरमालक मागेल ते भाडं. मराठी माणसाला गुणपत्रिका दिसली की आधी फेरतपासणीचा अर्ज सुचतो. तो इथे करताही येतो, त्यासाठी भाडे-समिती आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी टेप घेऊन स्वतःचा ओटा दोन्ही बाजूंनी मोजला. दोन्ही बाजूंनी तो तेवढाच भरला.

आता शांतता. आमची वस्ती सत्तरच्या दशकातली. रस्ते मुद्दाम वाकडे केलेले, मध्येच झाडं आणि कुंड्या आणून ठेवलेल्या, हेतू हा की मोटारीने माणसाच्या चालीने जावं. ही कल्पना मूळची डेल्फ्ट गावची, आणि १९७६ साली तिला रहदारीच्या कायद्यात जागा मिळाली. अशा वस्त्यांना नगररचनेतले लोक 'फ्लॉवर' म्हणतात, कारण वरून पाहिलं की गल्ल्या तुऱ्यातुऱ्यांच्या दिसतात. खालून पाहिलं की फक्त हरवायला होतं. सगळी घरं एकाच विटेची, एकाच उंचीची, भिंतीला भिंत लागलेली. पाहुण्याला खूण सांगायची म्हटली तरी सांगण्यासारखी खूण नाही. 'कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा' म्हणावं तर कोपरे पुष्कळ, वाणी एकही नाही. पण चार आकडे, दोन अक्षरं असा पिनकोड आणि घराचा नंबर सांगितला की माणूस बरोबर दारात येतो. वाटेत एकाशीही बोलावं लागत नाही. तीही शांततेला मदतच.

पहिल्या रात्री कानात शिटी वाजत राहते. ती आपल्याच कानाची असते, एरवी ऐकू येत नाही एवढंच. पुढे पुढे ऐकायची सवय होते. शेजारच्या घरात बशीत चमचा ठेवलेला कळतो. पलीकडच्या गल्लीतल्या सायकलची साखळी कोरडी आहे, हे कळतं. आकाशातून तेवढी विमानं जातात, शिफोल विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. वारा फिरला की विमानाच्या पोटावरची अक्षरं वाचता यावीत इतकी ती खाली येतात. पण विमानाच्या आवाजाची तक्रार नोंदवायची रीतसर सोय आहे. कुकरच्या आवाजाची तशी सोय नाही, म्हणून ती तक्रार थेट आमच्या दारात आली.

आली तीही तक्रार म्हणून नाही. उजवीकडचे आजोबा, निवृत्त, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच, संध्याकाळी बेल वाजवून उभे राहिले. ''एक प्रश्न विचारला तर चालेल का?'' चालेल म्हटलं. ''तुमच्याकडचं एक यंत्र शिटी वाजवतं. कधी तीनदा, कधी सातदा. आधी वाटलं बिघाड आहे. पण बिघाड इतका नियमित नसतो.'' मी त्यांना आत नेऊन कुकर दाखवला. तीन म्हणजे तुरीचं वरण, सात म्हणजे काबुली चणे, हेही सांगितलं. त्यांनी शिटी काढून हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, भोकातून आरपार पाहिलं आणि 'हुशारी आहे' असं म्हणाले. मग मुद्द्यावर आले. इथे लोक सहाला जेवतात. आमच्याकडे नऊला शिटी होते तेव्हा त्यांच्याकडे निजानीज झालेली असते. तेव्हा सात शिट्ट्यांचा पदार्थ शनिवारी दुपारी करता येईल का? इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलं की राग कुठे ठेवावा तेच कळत नाही. आता कुंपणापलीकडून ते शनिवारी विचारतात, ''आज सात?'' आणि मी 'सात' म्हटलं की वाटी मिळणार हे त्यांना ठाऊक असतं.

फोडणीचं प्रकरण याहून अवघड. १ जुलै २०२२ पासून इथे प्रत्येक घरात, प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे. कायदा चांगलाच आहे, फक्त तो करताना लाल मिरचीचा विचार झालेला नाही. स्वयंपाकघर बैठकीला उघडं, बैठक जिन्याला उघडी. लसूण-मिरची तेलात पडायचा अवकाश, तळमजल्याचा अलार्म कोकलतो, त्याचं ऐकून वरच्या मजल्याचा. त्यामुळे आमच्याकडे फोडणी हे दोन माणसांचं काम झालं आहे. मी 'मोहरी!' अशी आरोळी देते. नवरा टॉवेल घेऊन जिन्याखाली धावतो आणि अलार्मखाली देवाला चवऱ्या ढाळाव्यात तसा वारा घालत उभा राहतो. खिडक्या आधीच उघडलेल्या असतात, बाहेर पाच अंश तपमान असलं तरी. फोडणी एकदा वरणात पडली, की दोघांनी कोट काढायचे आणि जेवायला बसायचं.

खिडक्यांवरून आठवलं, इथे पडदे ओढत नाहीत. रस्त्यालगत जमिनीपासून छतापर्यंत काच, आत दिवा, दिव्याखाली घरची मंडळी. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या ताटातला बटाटा दिसतो. पण त्याने बघायचं नसतं, हा शिष्टाचार. आपल्याकडे याच्या अगदी उलट. पडदे बंद, आणि फटीतून समोरच्यांकडे कोण आलं ते बघायचं. आई आली तेव्हा तिला हा प्रकार पटेना. संध्याकाळी फेरी मारताना ती प्रत्येक घरात मान वळवून नीट बघायची, आणि परतल्यावर वार्ता द्यायची. कुणाकडे दोन सारख्या फुलदाण्या आहेत (त्या सगळ्यांकडेच असतात), कुणाचा नवरा भांडी घासतो, कुणाकडे म्हातारी एकटीच पत्ते खेळते. त्या म्हातारीकडे बघून ती हात हलवायची. आठवड्याच्या आत म्हातारीही हलवू लागली. मला या वस्तीत राहूनही तिचं अजून नावसुद्धा माहीत नव्हतं.

आई सोबत असताना मला इथल्या कचऱ्याचा अभ्यास दुसऱ्यांदा झाला, कारण तिला तो शिकवावा लागला. भाजीपाल्याची सालं हिरव्या डब्यात. कागद निळ्या झाकणाच्या डब्यात. प्लॅस्टिक, पत्र्याचे डबे आणि दुधाचे खोके तिसरीकडे. उरलेलं चौथीकडे. काचेच्या बाटल्या यांत कुठेच नाहीत, त्या चौकातल्या टाकीत, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगवेगळी, आणि रात्री टाकायच्या नाहीत कारण फुटल्याचा आवाज होतो. पेयाच्या कॅन तर कचराच नव्हेत, दुकानातल्या यंत्राला परत दिल्या की नगाला पंधरा सेंट मिळतात. कोणता डबा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा त्याचं वेळापत्रक फोनवर येतं. डब्याची मूठ कोणत्या बाजूला हवी, तेही ठरलेलं. ती उलटी राहिली तर कोणी बोलत नाही. फक्त सकाळी पाहावं तर डबा वळवून सरळ ठेवलेला असतो. हे उजवीकडचे आजोबा करतात अशी माझी खात्री आहे, पण पुरावा नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ''भंगारवाला येत नाही का?'' तो आला असता तर नगरपालिकेचं अर्धं खातं बंद पडलं असतं.

अंगण हा आणखी एक उद्योग. घराला पुढे हातभर आणि मागे साताठ हात अंगण आहे. ते बघून आम्ही भुललो होतो, करार वाचल्यावर भानावर आलो. घरातली कोणती बारीकसारीक दुरुस्ती भाडेकरूची, याची इथे सरकारी यादीच आहे. नळाचा वायसर, बंद पडलेला बल्ब वगैरे ठीक. पण त्या यादीत 'नियमित गवत कापणे', 'कुंपण छाटणे' आणि 'फरशांच्या फटींतलं तण काढणे' हेही आहे. म्हणजे खुरपं घेऊन दर पंधरवड्याला फटी कोरत बसणं ही माझी कायदेशीर जबाबदारी आहे. दुसरीकडे, पावसाचं पाणी मुरावं म्हणून याच देशात फरशा उखडण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. गावंच्या गावं एकमेकांशी स्पर्धा लावून अंगणातल्या फरशा काढतात आणि तिथे हिरवळ लावतात, उखडलेल्या फरशा मोजून जाहीर होतात. फटीतला गवताचा एक कोंब उपटायचा की त्याच्यासाठी फरशी काढायची, हे मला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. मी तूर्त एक आड एक करते.

शेजाऱ्यांची ओळख होते ती पार्सलांमुळे. आपण घरी नसलो की कुरिअरवाला पार्सल शेजारी देतो आणि दारात चिठ्ठी टाकतो. त्यामुळे कोणाच्या घरी कुत्र्याचं औषध येतं, कोणी चौथ्यांदा बूट बदलून मागवले, हे सर्वांना सर्वांचं माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. बोलण्यासाठी व्हॉट्सॲपचा गट आहे. वस्तीच्या तोंडाशी तशी पाटीच लावलेली आहे, की इथले शेजारी व्हॉट्सॲपवरून पहारा देतात. चोराने ती वाचून परत जावं अशी अपेक्षा. या गटात सुप्रभात नाही, गुलाब नाही, पुढे पाठवलेला एकही विचार नाही. विषय तीनच: हरवलेलं मांजर, सापडलेलं मांजर आणि अनोळखी व्हॅन.

अपवाद एकदा झाला. सकाळी सहाला गटावर मेसेज आला, की एक अनोळखी वयस्कर गृहस्थ हातात पिशवी घेऊन घराघरांपुढे थांबत आहेत आणि फुलं तोडत आहेत. फोटोही होता. ते माझे सासरे होते. नाशिकला ते पन्नास वर्षं असेच फिरतात, पूजेला दुसऱ्याच्या अंगणातलीच फुलं लागतात. मी गटावर खुलासा केला. वीस मिनिटं सगळे गप्प. मग डावीकडच्या बाईंनी लिहिलं: 'ट्युलिप तोडू नयेत. माझ्या कुंपणावरची पांढरी फुलं रोज घ्यावीत, पण कात्रीने कापावीत.' खाली सात जणांनी अंगठे दिले आणि एकाने कात्री कुठली चांगली त्याची लिंक. सासऱ्यांना हे वाचून दाखवलं तर ते खट्टू झाले. ''परवानगी काढून आणलेल्या फुलांत काय राम?'' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजारातली फुलं आणू लागले.

इथे आनंदसुद्धा मुका असतो. मुलगा शाळेची शेवटची परीक्षा पास झाला की पेढे नाहीत, फोनाफोनी नाही. घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर टांगतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने समजून घ्यायचं. बाळ झालं की अंगणात लाकडी करकोचा उभा राहतो. पार्टीच असली तर आठवडाभर आधी सगळ्यांच्या पत्रपेटीत चिठ्ठी येते: 'शनिवारी आमच्याकडे बारापर्यंत थोडा आवाज होईल. त्रास झाला तर या नंबरवर कळवा, किंवा या आणि एक ग्लास घ्या.' आम्ही एकदा गेलोही. वाढदिवस होता. खुर्च्या गोल मांडलेल्या, माणसं गोल बसलेली. आलेल्याने सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचं अभिनंदन करायचं, आईचं मुलाबद्दल, शेजाऱ्याचं शेजाऱ्याबद्दल. मग केकचा एक तुकडा. ठरलेला आवाज बारापर्यंत होता, तो साडेदहालाच संपला. थोडा आवाज म्हणतात तो झाला केव्हा, हेच आम्ही घरी येऊन आठवत बसलो.

मात्र महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, साऱ्या देशात भोंगे वाजतात. संकटकाळच्या भोंग्यांची ती चाचणी. नव्याने आलेला माणूस तेव्हा टेबलाखाली जातो किंवा खिडकीशी येतो. रस्त्यावरचे लोक शांतपणे सायकल चालवत असतात, त्यामुळे तो आणखीच घाबरतो. आई इथे होती तेव्हा नेमकी ती वेळ आली. मी कामावर होते. तिला सांगायचं राहिलं होतं, म्हणून घाईने फोन केला. ती मजेत. बालपण लालबागला गेलेलं, बापाची सारी नोकरी गिरणीत. ''हो, वाजला ना,'' म्हणाली, ''मी म्हटलं पाळी सुटली वाटतं. भात टाकला.'' डच सरकारच्या भोंग्यावर इतक्या वर्षांत भात कोणी टाकला नसेल.

दिवाळीत आम्हीही चिठ्ठ्या टाकल्या, कंदील लावला, चिवडा वाटला. फुलबाज्या इथे वर्षभर चालतात, तेवढ्या मुलाने उडवल्या. आजोबा कुंपणाशी येऊन थांबले, चिवडा खाल्ला, थोडा वेळ वाट पाहिली. ''झालं?'' त्यांनी विचारलं. ''मी वाचलं होतं, तुमच्यात फटाके असतात.'' असतात, पण इथे नियम आहे ना, मी म्हटलं. नियमाचं नाव काढल्यावर ते मान डोलावून घरात गेले, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

त्याचं कारण ३१ डिसेंबरला कळलं. इथे फटाके उडवायला वर्षातून एकदाच मुभा, ३१ ला संध्याकाळी सहा ते रात्री दोन. सहाला एक मिनिट असताना सगळे आपापल्या दारात उभे. सहा वाजले आणि बशीत चमचा हळू ठेवणाऱ्या त्या वस्तीचं रणांगण झालं. डावीकडच्या कात्रीवाल्या बाई रस्त्यात बसून बाण पेटवत होत्या. वर्षभर गटावर मांजर शोधणारा इसम माळ लावून पळत होता, मांजर कुठे होतं कुणास ठाऊक. आजोबांनी शेडमधून खोक्यामागून खोकं काढलं आणि एकेक वात लावताना ते एकेक वर्षाने लहान होत होते. उत्तरेकडे खेड्यांत तर दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये कार्बाइड घालून तोफा उडवतात, ते डोंबिवलीलाही जमलेलं नाही. दोन वाजता सगळं थांबलं. दोन म्हणजे दोन. सकाळी पाहते तर आजोबा केरसुणी घेऊन रस्ता झाडत होते, लाल कागद वेगळे, पुठ्ठे वेगळे.

आता तेही जाणार आहे. दर वर्षी पोरांचे डोळे-बोटं जातात, पोलिसांवर बाण सोडतात, म्हणून २०२५ साली डच संसदेने घरगुती फटाक्यांवर बंदीचा कायदा संमत केला. आजोबांना बंदी मान्य आहे. योग्यच आहे, असं ते स्वतः म्हणतात. पण परवा कुंपणाशी येऊन त्यांनी मला विचारलं, की तुमच्या गावी दिवाळी नेमकी कधी असते आणि विमानतळापासून डोंबिवली किती लांब. तेव्हा वाचकहो, एखाद्या दिवाळीत डोंबिवली पूर्वेला एक फार उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ बॉम्बचं खोकं घेऊन उभे दिसले, तर त्यांना सांभाळून घ्या. रात्री दहानंतर फटाक्यांना आपल्याकडेही बंदी आहे, एवढं त्यांच्या कानावर घाला. ती कोणी पाळतं का, हे त्यांचं त्यांना कळेल.